विकत घेतलेले दहा सेकंद

महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळेत एखाद्या कोपऱ्यात एक बुटकी, उघड्या चाकांची, एकाच माणसाला बसता येईल अशी मोटार अर्धवट जोडलेली दिसते. ती विद्यार्थ्यांनीच आखलेली आणि बांधलेली असते. अमेरिकेत १९८१ मध्ये 'फॉर्म्युला एसएई' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली आणि तिची भावंडे जगभर निघाली. आपल्याकडे खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची 'बाहा एसएई इंडिया' २००७ पासून आणि शर्यतीच्या गाड्यांची 'सुप्रा एसएई इंडिया' २०११ पासून होऊ लागली. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी अशा संघात असणे आता काही नवलाचे नाही.

गाडी उभी राहीपर्यंत संघाकडचे पैसे बहुधा संपत आलेले असतात. वर्गणी, महाविद्यालयाचे अनुदान, एखाद्या कारखानदाराने दिलेले लोखंडी पाइप असे सगळे जमवून इंजिन आणि चाके होतात. मग नियमपुस्तिकेतले चालकाच्या पोशाखाचे पान उघडले जाते. पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, अग्निरोधक सूट, त्याखाली घालायचे अग्निरोधक कपडे, केस झाकणारी टोपी, हातमोजे, पायमोजे, बूट आणि गाडी उलटल्यास हात बाहेर जाऊ नयेत म्हणून बांधायचे पट्टे. शिवाय खुर्चीला बांधणारे मुख्य पट्टे वेगळेच. आम्ही पॉलिमर पदार्थांवर काम करत असल्यामुळे असे विद्यार्थी कापडाचे तुकडे आणि दुकानातली माहितीपत्रके घेऊन आमच्याकडे येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: यातले स्वस्तात काय घेता येईल?

प्रश्न रास्त आहे. गरिबीत विचारलेला प्रश्न नेहमीच नेमका असतो. त्याचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, पण नववी-दहावीचे विज्ञान बऱ्याच अंशी देऊ शकते; म्हणून हा लेख शिक्षकांसाठी. या यादीतल्या प्रत्येक वस्तूकडून आपण एकच गोष्ट विकत घेतो, ती म्हणजे वेळ. हेल्मेट काही हजारांश सेकंद देते, सूट काही सेकंद देतो. कोणत्या वस्तूकडून किती वेळ मिळतो आणि आपल्याला किती हवा आहे, हे कळले की पैसे कुठे घालायचे हे ठरवता येते.

डोके आणि तीन सेंटिमीटर

हेल्मेटचे बाहेरचे कवच चकचकीत असते आणि त्यावरच गिऱ्हाइकाची नजर जाते. प्रत्यक्षात जीव वाचवण्याचे मुख्य काम करतो तो कवचाच्या आतला थर्माकोलचा थर. हा थर्माकोल आपल्या मखरातल्या थर्माकोलचाच दाट भाऊ, म्हणजे पॉलिस्टायरिनचा फेस. कवचाची कामे दोन: टोकदार वस्तू आत घुसू न देणे आणि धक्का थर्माकोलच्या मोठ्या भागावर पसरवणे.

आता थोडे गणित. युरोपातल्या 'ईसीई २२' या मानकाच्या एका चाचणीत हेल्मेट, आत धातूचे नकली डोके बसवून, सेकंदाला ७.५ मीटर वेगाने ऐरणीवर आदळवतात. हा वेग मिळवायला वस्तू सुमारे २.९ मीटर उंचीवरून पडावी लागते. उघडे डोके काँक्रीटवर आदळले आणि समजा ३ मिलिमीटर अंतरात थांबले, तर मंदन किती? वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागायचे. उत्तर येते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९५० पट. हेच डोके थर्माकोल चिरडत ३ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर सरासरी मंदन एकदशांश होते, म्हणजे सुमारे ९५ पट. थांबायला लागणारा वेळही काढून पाहा: पहिल्या बाबतीत एका सेकंदाचा हजारावा भाग पुरता नाही, दुसऱ्यात ८ हजारांश. हेल्मेटच्या किमतीत आपण जे घेतो ते एवढेच, ७ हजारांश सेकंद. प्रत्यक्षात मंदन सरासरीएवढे स्थिर राहत नाही, मध्येच उसळी घेते. म्हणून मानकाने कमाल मर्यादा २७५ पट अशी ठेवली आहे.

वर्गात हे दाखवता येते. दीड-दोन सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची पट्टी जमिनीवर ठेवा आणि तराजूचे अर्ध्या किलोचे वजन एक मीटर उंचीवरून तिच्यावर सोडा. मुलांचे पाय दूर असू द्या. खड्ड्याची खोली मोजा. मग त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा वजन टाका. दबायला उरलेली जागा कमी कमी होत जाते आणि लवकरच खालच्या फरशीचा ठणका ऐकू येऊ लागतो. थर्माकोलच्या पेशींमधल्या भिंती एकदा मोडल्या की त्या परत उभ्या राहत नाहीत. स्पंज मूळ जाडीवर येतो, थर्माकोल येत नाही. आणि म्हणूनच तो हेल्मेटला योग्य आहे, कारण परत येणारा पदार्थ डोक्याला उलटा धक्का देईल.

यातून काटकसरीचा पहिला नियम निघतो. हेल्मेट जुने घेऊ नये. कवचाला पुन्हा रंग मारता येतो, आतले मऊ अस्तर धुता येते, पण मधला थर एकदा दबला असेल तर बाहेरून ते ओळखता येत नाही. विकणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्यालाही ते ठाऊक नसू शकते. हेल्मेटच्या चाचण्या करणारी अमेरिकेतली स्नेल ही संस्था सुमारे पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे असे सांगते. घाम, केसांचे तेल, गोंद आणि ऊन यांनी थर आणि अस्तर हळूहळू खराब होत जातात.

दुसरा नियम अधिक दिलासा देणारा आहे. किंमत आणि संरक्षण ही दोन्ही एकाच प्रमाणात वाढत नाहीत. ब्रिटनच्या सरकारने २००७ मध्ये 'शार्प' नावाची योजना सुरू केली. तिच्यात मोटारसायकलची हेल्मेट बाजारातून घेऊन, आदळवून, एक ते पाच तारे देतात आणि निकाल सर्वांना पाहता येतात. तिथे स्वस्त हेल्मेटला पाच तारे आणि महागाला त्याहून कमी, अशी उदाहरणे सापडतात. महाग हेल्मेटमध्ये जास्तीचे पैसे जातात ते हलके कवच, हवा खेळती राहण्याची सोय, रंगकाम आणि नाव यांसाठी. यातला हलकेपणा खरोखर कामाचा आहे, त्याकडे आपण येऊच. रंगकाम अजिबात कामाचे नाही.

फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे माप. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या थोडे वरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट घालून ते हातांनी हलवले, तर त्याबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर ते मोठे आहे. हनुवटीचा पट्टा घट्ट करून मागची कड वर आणि पुढे ओढून पाहावी. हेल्मेट डोक्यावरून निघून आले, तर ते कितीही किमतीचे असो, अपघातात ते रस्त्यावर असेल आणि डोके दुसरीकडे. म्हणून चार चालकांत एक सूट वाटून घेता येईल, पण चौघांची डोकी एका मापाची नसतील तर एक हेल्मेट वाटून घेता येणार नाही.

मोटारसायकलचे हेल्मेट मोटारशर्यतीत चालेल का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. स्नेलच्या वर्गीकरणात याचे उत्तर आहे. 'एम' वर्ग मोटारसायकलसाठी, 'के' वर्ग कार्टिंगसाठी आणि 'एसए' वर्ग मोटारशर्यतीसाठी. मोटारीच्या चालकाचे डोके भोवतीच्या लोखंडी पिंजऱ्यावर पुन्हा पुन्हा आपटू शकते, म्हणून 'के' आणि 'एसए' हेल्मेटची तशी खास चाचणी होते. 'एसए'ची त्याशिवाय आगीत धरून चाचणी होते, बाकी दोघांची होत नाही. विद्यार्थ्यांच्या काही स्पर्धांत तिन्ही वर्ग चालतात, कारण तिथले कमाल वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतात. आपल्या दुचाकीच्या हेल्मेटवर असणारा आयएसआयचा शिक्का, म्हणजे मानक आयएस ४१५१, हा रस्त्यासाठी आहे. शर्यतीची यादी वेगळी असते आणि ती दर काही वर्षांनी बदलते. म्हणून दुकानात जाण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी. हे साधे काम न केल्यामुळे नवे कोरे हेल्मेट तपासणीत बाद झालेले आम्ही पाहिले आहे.

मानेवरचे तीन क्विंटल

आता हलकेपणाचा प्रश्न. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला डेव्हिड पर्ली या ब्रिटिश चालकाची गाडी ताशी सुमारे १७३ किलोमीटर वेगाने जाऊन धडकली आणि ६६ सेंटिमीटरमध्ये थांबली. वरचेच सूत्र लावा. मंदन येते गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ १८० पट, आणि वेळ २७ हजारांश सेकंद. पर्लीची कितीतरी हाडे मोडली, पण तो जगला. हे ६६ सेंटिमीटर त्याला गाडीच्या चुरगळलेल्या नाकाने आणि समोरच्या अडथळ्याने दिले. त्या अंतराचा वाटा चालकाला मिळतो तो पट्ट्यांमुळे. पट्टा पाच सेंटिमीटर सैल असेल, तर गाडी थांबू लागल्यावरही चालक तेवढे अंतर पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो. त्याचे पाच सेंटिमीटर फुकट जातात आणि मग उरलेल्या कमी अंतरात त्याला थांबावे लागते. पट्टे घट्ट ओढायला एक पैसाही लागत नाही. आमच्या मते संपूर्ण यादीत याच्याएवढे स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

पट्ट्यांनी छाती आणि कंबर धरली जाते, डोके मात्र मोकळे राहते. डोक्याचे वजन साडेचार किलो आणि हेल्मेट दीड किलो धरू. मंदन ५० पट असेल, तर मानेवर क्षणभर ताण येईल तो ३०० किलो वजनाएवढा, म्हणजे तीन क्विंटल. या ओढीने कवटीच्या तळाचे हाड मोडते. इमोला येथे १९९४ मध्ये रोलंड रॅट्झेनबर्गर आणि डेटोना येथे २००१ मध्ये डेल अर्नहार्ट यांना झालेली जीवघेणी इजा हीच होती. हेल्मेट ३०० ग्रॅमने हलके असले तर ताण १५ किलोंनी घटतो. मिळकत खरी आहे, पण तीनशेतले पंधरा. आणि त्यासाठी कार्बन तंतूंच्या कवचाला दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीचे चालक जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकात याला वेगळा उपाय काढला. खांद्यांवर बसणारे आणि पट्ट्यांखाली दाबले जाणारे एक जू तयार करायचे आणि हेल्मेटला दोन दोऱ्यांनी त्याच्याशी बांधायचे. ओढ मानेऐवजी दोऱ्यांवर येते. या साधनाला 'हान्स' म्हणतात. चालकांनी बरीच वर्षे त्याची टर उडवली. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर २००१ मध्ये अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींत असे मान धरणारे साधन सक्तीचे झाले आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीचे झाले.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत वेग कमी असल्यामुळे हान्स सामान्यतः सक्तीचे नसते आणि आम्हीही ते आधी घ्या असे सांगत नाही. पण एक खोच लक्षात ठेवावी. त्याच्या दोऱ्या अडकवायला हेल्मेटमध्ये पक्के खिळे बसवावे लागतात. 'एसए २०१५' आणि त्यानंतरच्या स्नेल हेल्मेटमध्ये त्यांची जागा मुळातच असते. मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये ती नसते, आणि घरी ड्रिलने भोक पाडले तर कवचच कमजोर होते. संघातल्या कोणाला पुढे खऱ्या शर्यतीत उतरायचे असेल, तर आजचे स्वस्त 'एम' हेल्मेट दोन वर्षांनी दुसरे हेल्मेट घ्यायला लावते.

आग: सेकंदांचा हिशेब

हेल्मेटच्या हिशेबात वेळ हजारांश सेकंदांत होता. आगीचा हिशेब पूर्ण सेकंदांचा आहे, म्हणून तो मुलांना अधिक चटकन समजतो.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या शर्यतीत रोमां ग्रोजां याची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि पेट घेतला. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला तेव्हा २७ सेकंद झाले होते. त्याच्या दोन्ही हातांच्या पाठी भाजल्या. बाकी शरीर जवळपास सुखरूप. हा सूट पेटला नाही, असे वर्तमानपत्रांत येते. विज्ञानाच्या भाषेत सूटने उष्णतेला उशीर करवला. उष्णता शेवटी पोहोचतेच, प्रश्न केव्हा हा असतो.

हा उशीर मोजण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या एसएफआय या संस्थेने ठरवली आहे. कापडाच्या एका बाजूने दर सेकंदाला चौरस सेंटिमीटरवर दोन कॅलरी एवढी उष्णता सोडायची आणि पलीकडच्या कातडीला फोड येण्याइतके भाजायला किती सेकंद लागतील ते पाहायचे. दोन कॅलरी ऐकायला किरकोळ वाटते. चौरस मीटरमागे ते ८४ किलोवॉट होतात, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या जवळजवळ ८४ पट! या कसोटीवर 'एसएफआय ३.२ए/१' लिहिलेला सूट ३ सेकंद टिकतो, '३.२ए/५' लिहिलेला १० सेकंद, '३.२ए/१५' लिहिलेला ३० आणि '३.२ए/२०' लिहिलेला ४० सेकंद. पहिला बहुधा एकेरी कापडाचा, दुसरा निदान दुहेरी.

एकेरीचे दुहेरी केल्यावर तीनचे सहा व्हायला हवेत, मग दहा कसे? कारण दोन थरांमध्ये हवा अडकते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. थंडीत एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ पांघरुणे ऊबदार वाटतात तेच तत्त्व. यातून तीन गोष्टी निघतात, तिन्ही पैशाच्या. सूटखाली अग्निरोधक कापडाचा बनियन आणि पायजमा घातला की आणखी एक हवेचा थर आणि आणखी काही सेकंद मिळतात, तेही जाड सूटपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. सूट अंगाला तंग असेल तर हवा राहत नाही. एक माप मोठा चांगला. आणि प्रायोजकाचे नाव सूटवर आरपार शिवणीने शिवू नये. शिवणीच्या जागी थर एकमेकांना चिकटतात, आणि धागा साध्या पॉलिएस्टरचा असेल तर तो तापून वितळतो.

कापडांमधला फरक दाखवायला धाग्यांचा प्रयोग पुरे. कापसाची वात, लोकरीचा धागा आणि पॉलिएस्टरच्या सदऱ्यातून काढलेला धागा घ्यावा. शिक्षकांनी स्वतः, लांब चिमट्यात धरून, खाली पाण्याची बशी ठेवून, एकेक धागा मेणबत्तीला लावावा. कापूस भुरकन जळतो आणि राख होते. लोकर कुरकुरते, केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की बहुधा विझते. पॉलिएस्टर आखडतो, त्याचा गोळा होतो आणि तापलेला थेंब गळतो. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. असा थेंब कातडीवर पडला तर चिकटून बसतो आणि काढताना कातडी घेऊन निघतो. खेळाचे चकचकीत बनियन सूटखाली घालण्यास बंदी असते ती यासाठी.

नोमेक्स हा धागा ड्यूपाँ कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणला. त्याच्या रेणूत बेंझिनची कडी ताठ बंधांनी जोडलेली असतात. ही साखळी वितळत नाही; सुमारे ३७० अंशांनंतर तिचा कोळसा होऊ लागतो, आणि हा कोळशाचा थर फुगून उष्णतेला आणखी अडवतो. नोमेक्स महाग आहे. स्वस्त पर्याय म्हणजे फॉस्फरसयुक्त रसायनाने अग्निरोधक केलेले सुती कापड. दोन्हींवर '३.२ए/५' असा शिक्का असेल तर कसोटीतले सेकंद तेवढेच. फरक वजनात आणि देखभालीत आहे. प्रक्रिया केलेले सुती कापड ब्लीचने धुतले की प्रक्रिया निघून जाते. दुसरी अडचण रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. आपल्याकडे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी दुष्फेन, बोलीत जड. त्यात साबण वापरला की कॅल्शियमचा न विरघळणारा साका कापडात बसतो. तो मुळात चरबीपासून आलेला, म्हणून जळाऊ! अग्निरोधक सूट साबणाने धुऊन धुऊन जळाऊ करता येतो. साबणाऐवजी डिटर्जंट वापरावे, आणि सूट अंगात असताना गाडीखाली शिरू नये, कारण पेट्रोल आणि ग्रीसचे डाग हेही इंधनच.

मग किती सेकंद घ्यावेत? इथे नियमपुस्तिका स्वतःच उत्तर सुचवते. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत सूट किमान '३.२ए/५' किंवा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या ८८५६ मानकाचा लागतो. त्याच नियमांत आणखी एक परीक्षा आहे. चालकाने सगळा पोशाख चढवून, पट्टे बांधून, हात सुकाणूवर ठेवून बसायचे आणि इशारा होताच ५ सेकंदांच्या आत गाडीबाहेर दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे. सूट दहा सेकंद देतो, बाहेर पडायला पाच लागतात. धूर, घबराट आणि अडकलेला पाय यांच्यासाठी पाच उरतात. तीस सेकंदांचा सूट अल्कोहोल जाळणाऱ्या ड्रॅग गाड्यांना ठीक, इथे त्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. उलट ज्या चालकाला बाहेर यायला आठ सेकंद लागतात त्याने रोज संध्याकाळी सराव करून चारवर आणले, तर त्याने चार सेकंद मिळवले. एकेरी सूट विकत घेऊनही एवढे मिळत नाहीत.

वाचलेल्या पैशांतले काही हातमोज्यांवर जावेत. विद्यार्थी इथे नेमकी कंजुषी करतात, कारण हातमोजा दिसायला क्षुल्लक. बोटे बारीक असल्यामुळे त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि वस्तुमान कमी, म्हणून ती लवकर तापतात. पट्ट्याची कळ दाबायची असते ती याच बोटांनी. ग्रोजांचे हातच भाजले हा योगायोग नव्हे. कठड्यातून वाट काढताना हात पुढे असतात. मोटारसायकलचे चामडी हातमोजे घसरण्यापासून वाचवतात, आगीपासून नाही. चामडे तापले की आकसते, आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे कडे वितळते.

दुकानात

जुने काय घ्यावे? हेल्मेट नाही, हे सांगितले. मुख्य पट्टेही नाहीत. ते नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांच्या साखळ्या तुटत जातात. गच्चीवर ठेवलेली प्लॅस्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत कशी ठिसूळ होते ते सर्वांनी पाहिले आहे. 'एसएफआय १६.१' मानकाच्या पट्ट्यांची मुदत म्हणूनच दोन वर्षांची असते. सूट मात्र दुसऱ्या संघाकडून जुना घ्यायला हरकत नाही. मुदतीचे लेबल शाबूत असावे, तो आगीत सापडलेला नसावा, शिवण उसवलेली नसावी आणि त्याला तेलाचा वास येत नसावा. जुने चांगले बूटही चालतात, तळवे चिरलेले नसले म्हणजे झाले.

लेबलांविषयी सावध राहावे. बाजारात नुसते शिक्केही विकत मिळतात. अमेरिकेतल्या 'डॉट' या खुणेच्या बाबतीत तर उत्पादकानेच स्वतःला प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. स्नेलचे लेबल हेल्मेटच्या आत अस्तराखाली असते आणि त्यावर अनुक्रमांक असतो. मान्यताप्राप्त साधनांच्या याद्या एफआयए स्वतः प्रसिद्ध करते. घेण्याआधी नाव यादीत आहे ना, हे तपासायला दहा मिनिटे लागतात.

एका बाबतीत आम्ही महागाची बाजू घेतो. जानेवारीतली कोइमतूरची दुपारही सूटमध्ये सुसह्य नसते. जड आणि कोंदट सूट विद्यार्थी कंबरेपर्यंत सोडून बसतात आणि 'एकच फेरी मारतो' म्हणत तसेच गाडीत शिरतात. साखळी न लावलेल्या सूटचे सेकंद शून्य. दोन सूट सारख्याच दर्जाचे असतील आणि त्यातला थोडा महाग सूट हलका व हवेशीर असेल, तर तो घ्यावा, कारण तो घातला जाईल.

आणि हे सर्व करूनही पैसे पुरले नाहीत तर? विद्यार्थी मग तडजोड सुचवतात: यंदा आतले कपडे राहू दे, हातमोजे साधे चालतील, तपासणीपुरते दुसऱ्या संघाकडून मागून आणू. इथे मार्गदर्शक प्राध्यापकाने आणि घरच्यांनी ठाम राहावे असे आम्हाला वाटते. गाडी चालवणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि त्याला स्वतःच्या वाट्याला अपघात येईल हे खरे वाटत नाही. त्या वयात कोणालाच वाटत नाही. पोशाख पुरा होत नसेल, तर त्या वर्षी गाडी उभ्याने दाखवावी, आराखड्याच्या आणि खर्चाच्या फेऱ्यांत भाग घ्यावा, पण चालवू नये. यादी पुरी करण्यासाठी गाडीतले काही कमी करायचे असेल तर ते रंग आणि दिखाऊ चाके यांपासून सुरू करता येते.

संघाकडे मुदत संपलेले किंवा हातातून पडून आपटलेले एखादे हेल्मेट निघतेच. ते कोणाला विकू देऊ नये, शाळेसाठी मागून घ्यावे. लोखंड कापायच्या करवतीने ते मधोमध कापले की कवच, थर्माकोल आणि अस्तर असे तिन्ही थर मुलांना हाताळता येतात. आपटलेल्या जागी थराची जाडी पट्टीने मोजावी आणि समोरच्या न आपटलेल्या बाजूशी ताडून पाहावी. कवचावर ओरखडासुद्धा नसताना आतला थर काही मिलिमीटरने दबलेला सापडू शकतो.